शनिवारचं दार

मी दारं करतो. खिडक्या, कपाटं, पलंगही करतो, पण ते पोटासाठी. दारं मात्र हौसेनं. चांगलं दार कसं असतं हे मी कुणालाही तासभर सांगू शकतो, आणि बायको म्हणते की सांगतोच. ते घासत नाही, कुरकुरत नाही, वाऱ्यानं आपटत नाही, आणि करणारा गेल्यावरही आपल्या जागी उभं राहतं. म्हणून आमच्या चर्चचे नवे फादर जेव्हा माझ्या कारखान्यात आले, भुशात खुशाल फतकल मारून बसले आणि म्हणाले, "मला एक दार हवंय, पडणारं," तेव्हा माझं डोकंच सटकलं.

"पडणारं दार माझ्याकडे मिळत नाही," मी म्हटलं. "बाजारातून तयार घ्या. कुठलंही घेतलंत तरी पडतं."

फादर हसत सुटले. वयानं माझ्या धाकट्या भावाएवढा माणूस. त्याच्यावर कितीही चिडा, तो हसतो, आणि मग आपणच बावळट दिसतो.

"नाटकासाठी हवंय," ते म्हणाले. "हे बघा, येशू शुक्रवारी गेला आणि रविवारी उठला. मग मधल्या शनिवारी तो काय करत होता?"

"आराम," मी म्हटलं. "सुतारच होता ना? सुतार शनिवारी दमलेला असतो."

"खाली गेला होता. मेलेल्यांच्या घरी. दर रविवारी आपण म्हणतो की तो मृतांमध्ये उतरला, पण इतक्या भरभर म्हणतो की कशाला उतरला हे कुणी विचारतच नाही. जे त्याच्या आधी मेले, ज्यांनी त्याचं नावसुद्धा ऐकलं नव्हतं, त्यांना आणायला उतरला. जुन्या चित्रांत तो पडलेल्या दारावर उभा असतो आणि आदम-हव्वेला मनगट धरून वर ओढत असतो. पायाखाली खिळे, कड्या, बिजागऱ्या, सगळं विखुरलेलं."

"बिजागऱ्यासुद्धा?" माझा राग जरा उतरला. बिजागऱ्या विखुरल्या म्हणजे काम धसमुसळ्या माणसाचं नव्हे, दाराची जाण असलेल्या माणसाचं. धसमुसळा माणूस नुसत्या लाथा मारतो.

"ईस्टरच्या आदल्या दिवशी, दुपारी करू या," फादर म्हणाले. "आणि दाराला कुलूप हवं. मोठं. शेवटच्या बाकावरून दिसेल असं."

म्हणजे प्रकरण माझ्या सासऱ्यांकडे जाणार होतं, आणि तिथेच खरी अडचण होती.

माझे सासरे कुलूपवाले. त्यांचं दुकान माझ्या कारखान्याला लागून, मधे एकच भिंत. गल्लीत त्यांना किल्लीबाबा म्हणतात. हरवलेल्या किल्ल्या, अडकलेली कुलपं, स्वतःच्याच घराबाहेर राहिलेली माणसं, सगळी त्यांच्याकडे येतात. त्यांचं मत असं की दार म्हणजे कुलूप टांगायची फळी. माझं मत असं की कुलूप म्हणजे चांगल्या दाराला पाडलेलं भोक. या विषयावर आम्ही माझं लग्न ठरल्यापासून भांडतोय, आणि खरं सांगायचं तर त्यांच्याशी भांडल्याशिवाय मला जेवण गोड लागत नाही.

त्यांच्या दोन सवयी सगळ्या गल्लीला माहीत आहेत. एक म्हणजे ते कुणाला हाक मारत नाहीत, दोन टाळ्या वाजवतात. माझ्या मुलीला लहानपणी अंगणातून घरात बोलवायचे तेसुद्धा दोन टाळ्या वाजवूनच. ही त्यांच्या आईची सवय. तिच्या हातून कामं कधी सुटायची नाहीत, बोलायला सवड नसायची, म्हणून दारात उभी राहून ती दोन टाळ्या वाजवायची आणि हे असतील तिथून "आलो!" म्हणून धावायचे.

दुसरी सवय चर्चची. त्यांच्या घरातले सगळे ख्रिस्ती. बायको होती तीसुद्धा, मुलं, सुना, जावई, नातवंडं. एक ते सोडून. दर रविवारी कपडे करून सगळ्यांना घेऊन चर्चपर्यंत येतात आणि बाहेरच्या पायरीवर बसतात. चर्चचं कुठलंही कुलूप बिघडलं तर हत्यारांची पिशवी घेऊन बेधडक आत जातात, वेदीपर्यंत जातात. पण हातात हत्यार असेल तरच. हात रिकामे असले की पायरी.

त्याचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. ते लहान असताना त्यांची आई गेली. तेव्हा त्या भागात येशूचं नाव कुणाच्या कानावरून गेलेलं नव्हतं. काही वर्षांनी पहिले फादर आले, लांब दाढीचे. त्यांनी सासऱ्यांना लिहायला-वाचायला शिकवलं, कुलपांच्या कामाला लावलं. सासऱ्यांचा त्यांच्यावर फार जीव. बाप्तिस्म्याचा, म्हणजे डोक्यावर पाणी घेऊन ख्रिस्ती व्हायचा, दिवसही ठरला. आदल्या दिवशी यांनी विचारलं, "माझी आई कुठे आहे?" ते फादर खोटं बोलणारे नव्हते. त्यांना जे शिकवलं गेलं होतं तेच त्यांनी सांगितलं. आई दाराबाहेर आहे. बाप्तिस्मा ही किल्ली, आणि ती तिच्याकडे नव्हती.

"मग मीही बाहेरच बरा," म्हणून सासरे उठले, ते उठलेच.

पुढे लग्न केलं ते मात्र चर्चमधल्या मुलीशी. सासूबाईंनी कधी जबरदस्ती केली नाही. पण गेल्या वर्षी त्या आजारी पडल्या तेव्हा शेवटच्या दिवसांत त्यांनी एकच धोशा लावला होता. "तुम्ही याल ना तिकडे?" सासरे त्यांचा हात धरून बसायचे, पाणी पाजायचे, उशी सारखी करायचे. फक्त हो म्हणायचे नाहीत. मनात नसलेलं हो त्यांना जमत नाही.

आता इकडे आड तिकडे विहीर. बाप्तिस्मा घ्यावा तर आई बाहेर राहते, न घ्यावा तर बायको वाट बघत बसते. आई आणि बायकोच्या मधे पुरुष जन्मभर सापडलेला असतोच, पण मेल्यावर तरी सुटतो. आमच्या सासऱ्यांचं तिथून सुरू होणार होतं. मी हे गमतीत बायकोला म्हटलं तर ती आधी खूप हसली आणि हसता हसता तिला रडू फुटलं.

"बाबांना असं मधेच अडकून जाऊ द्यायचं नाही मला," ती म्हणाली. "अहो, त्यांचं आता वय झालंय."

फळी घासायची असती तर घासून दिली असती.

तर फादरना घेऊन मी भिंतीपलीकडे गेलो. सासरे एका किल्लीवर कानस चालवत होते.

"बाबा, एक मोठं कुलूप हवंय," मी म्हटलं.

"कुणाच्या दाराला?"

"मेलेल्यांच्या," फादर म्हणाले.

कानस थांबली. फादरनी मला सांगितलेलं सगळं पुन्हा सांगितलं. सासऱ्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हणजे आधी मेलेल्यांना आणलं," ते म्हणाले. "कुणाकुणाला? आदम, नोहा, अशी बडी मंडळी?"

"यावर जुन्या लोकांत पुष्कळ वाद झालेत," फादर म्हणाले. "काही म्हणतात, देवाची वाट बघत जे मेले तेवढेच नेले. काही म्हणतात, त्यानं तिथे सगळ्यांना आपली बातमी सांगितली आणि ज्यानं हात पुढे केला त्याला घेतलं. आणि काही तर म्हणतात की आत कुणी उरलंच नाही. नुसती धूळ उरली."

"माझी आई येशूच्या कितीतरी शतकांनंतर मेली. पण तिच्यापर्यंत बातमी आली नव्हती. मग ती आधीची की नंतरची?"

मी फादरकडे बघितलं. वाटलं, आता गेली विकेट. पण त्यांनी घाई केली नाही. समोरच्या खिळ्यावर टांगलेल्या किल्ल्या बोटानं एकेक सरकवत राहिले.

"मला वाटतं," ते शेवटी म्हणाले, "जिथे बातमी आलेली नाही तिथे अजून शनिवारच आहे."

"वाटतं?"

"वाटतं."

"म्हणजे खात्री नाही."

"नाही. आशा आहे. ती मात्र भरपूर आहे."

"पहिल्या फादरांना खात्री होती," सासरे म्हणाले.

"हो. आणि तुम्ही पायरीवर बसलात."

आता कानस फेकून मारतात की काय असं मला वाटलं. मी चक्क एक पाऊल मागे सरकलो. पण सासऱ्यांनी चष्मा नाकावर घेतला, गळ्यातली टेप काढली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "दार किती जाड करताय?"

नंतरचे दिवस फार मजेत गेले. फादरनी ठरवलं होतं की प्रत्येक घरातून एक माणूस दाराआड उभं राहील, आणि ते आपल्याच घरातलं, बातमी यायच्या आधी गेलेलं कुणीतरी म्हणून उभं राहील. ही कल्पना निघाली आणि सगळी वस्ती आपापल्या मेलेल्यांबद्दल बोलायला लागली. पणजोबा लंगडत कसे, आजीच्या बहिणीला हसू आवरायचं नाही ते कसं, कुणाचा काका कसा शिंकायचा. पोस्टमन आदम झाला, कारण सगळ्यांच्या घरी त्याचं जाणं-येणं. येशूचं काम पाववाल्याला मिळालं. कणीक मळून मळून त्याचे दंड असे झालेत की दार पाडायला दुसरं कुणी शोभलंच नसतं. त्याला एकच वाक्य होतं: "चला, घरी!" ते तो "ताजे पाव!" च्या चालीवर म्हणायचा. फादरनी चार वेळा समजावलं आणि मग नाद सोडला.

आमच्या घरातून मुलगी उभी राहणार होती. कॉलेजात जाते, कुणाचं ऐकत नाही. तिनं आम्हाला विचारलंही नाही, सांगितलं. "मी आजोबांची आई. आणि आजोबांना बोलायचं नाही."

दार मी जुन्या जाड फळ्यांचं केलं. डावीकडे दोन बिजागऱ्या, उजवीकडे कुलूप. बिजागऱ्यांचे उभे खिळे मुद्दाम सैल ठेवले आणि त्यांना दोरी बांधली. मी डावीकडच्या पडद्यामागे बसायचं. पाववाल्यानं ढकललं की मी दोरी ओढायची, खिळे निघायचे, दार आतल्या बाजूला आडवं. मेलेली माणसं आतच उभी, म्हणून मी जमिनीवर खडूची रेघ मारली आणि सगळ्यांना दम दिला, "रेघ ओलांडलीत तर पुन्हा मराल, आणि या खेपेला जबाबदार मी नाही."

कुलूप जेव्हा भिंतीपलीकडून आलं तेव्हा मी हातातला रंधा खाली ठेवला. चहाच्या ट्रेएवढं, काळंभोर, कडेनं पितळेची पट्टी. असं काम त्यांनी आजवर कुणासाठी केलं नव्हतं.

"आतून रिकामं ठेवलंय ना, बाबा?" मी विचारलं. "दार पडायचंय. हे नुसतं शोभेचं."

"बरं," सासरे म्हणाले.

हे "बरं" माझ्या बायकोकडेही आहे. त्याचा अर्थ हो असा कधीच नसतो. इतक्या वर्षांच्या संसारानंतर हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

गुरुवारच्या तालमीत सगळं झकास झालं. दार धाडकन पडलं, पाववाल्यानं ताजे पाव विकले, मेलेली माणसं टाळ्या वाजवत बाहेर आली. शनिवारी दुपारी मी जेवायला घरी निघालो तेव्हा सासरे पिशवी घेऊन चर्चमध्ये शिरताना दिसले. कुलपाला तेल द्यायचंय म्हणाले. मी म्हटलं, द्या.

दुपार कलली तेव्हा चर्च खच्चून भरलं होतं. लोक खिडक्यांत बसले होते. सासरे आपल्या पायरीवर. चर्चचा मोठा दरवाजा सताड उघडा होता, त्यामुळे मधल्या वाटेतून त्यांना माझं दार नाकासमोर दिसत होतं. पडद्याच्या फटीतून मला तेही दिसत होते. हात गुडघ्यांवर, अंगात इस्त्रीचा शर्ट, लग्नाला आल्यासारखे.

दाराआडून मेलेल्यांची कुजबुज सुरू झाली. कुणीतरी शिंकलं, ते नाटकातलं होतं, काका म्हणून. लोक हसले. मग सगळं शांत झालं आणि पाववाला पांढऱ्या झग्यात मधल्या वाटेनं चालत आला. खरं सांगतो, झग्यात तो छान दिसत होता. त्यानं दोन्ही हात दारावर ठेवले आणि ढकललं.

दार हललं नाही.

मी दोरी ओढली. खिळे निघेनात. पाववाल्यानं पुन्हा ढकललं, सगळं अंग लावून. त्याचा जोर खिळ्यांवर आला आणि ते बिजागरीत गच्च आवळले. मी दोरीला हिसडा दिला तर दोरी तुटून माझ्या हातात आली. मी मान वाकडी करून दाराच्या दुसऱ्या कडेला बघितलं. कुलपाचा दांडा बाहेर आला होता आणि चौकटीत नव्यानं पाडलेल्या भोकात पुरता शिरला होता. अंगठ्याएवढा जाड. म्हाताऱ्यानं कुलूप आतून रिकामं ठेवलं नव्हतं. खरंखुरं कुलूप केलं होतं, आणि किल्ली फिरवून बंद करून ठेवलं होतं.

आत आदम म्हणाला, "काय झालं?" आणि हव्वा म्हणाली, "गप्प बस." शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

पाववाला घामाघूम. त्यानं इकडेतिकडे बघितलं, कुलूप बघितलं, आणि मग जे कुठल्याही नाटकात कुठल्याही येशूनं केलं नसेल ते केलं. तो मागे वळला आणि चर्चच्या दरवाजाकडे बघून अगदी केविलवाण्या आवाजात म्हणाला, "बाबा, किल्ली द्या ना."

सगळ्यांनी माना वळवल्या. सासरे पायरीवर उभे राहिले. खिशावर हात.

"किल्ली माझ्याकडे आहे," ते म्हणाले. "पण मी देणार नाही."

"अहो बाबा!" ही माझी बायको, दुसऱ्या बाकावरून.

"खऱ्या येशूनं त्या शनिवारी किल्ली कुणाकडे मागितली होती?" सासरे म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "आत माझी आई आहे. खोट्या कुलपातून तिला बाहेर काढलंत तर ती खोटीच बाहेर येईल. मी खरं कुलूप केलंय. जितकं पक्कं मला करता येतं तितकं. आता उघडा."

मला सणसणून राग आला होता. इतक्या दिवसांची मेहनत, एवढी माणसं, आणि हा हट्टी म्हातारा नाटक मोडायला बसलाय! पण त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि माझा राग गेला कुठच्या कुठे. ते नाटक मोडत नव्हते. ते विचारत होते. लहानपणी जे विचारलं होतं तेच, आणि या वेळी उत्तर मिळेपर्यंत हलणार नव्हते. फादर पहिल्या बाकावरून अर्धे उठले होते, ते परत बसले. त्यांनी माझ्या पडद्याकडे बघितलं. त्यांच्याजवळ आशाच होती, हातोडी नव्हती.

हातोडी माझ्याजवळ होती.

कुलूप कितीही पक्कं असो, ते दाराच्या एकाच कडेला असतं. दुसरी कड माझी. पडद्यातून हात बाहेर काढून मी खालच्या खिळ्याला बुडाशी पटाशी लावली आणि ठोकलं. ठक्. चर्चमध्ये तो आवाज केवढा झाला! पुन्हा ठोकलं. लोकांना दिसत होता तो फक्त कोपरापर्यंतचा एक हात आणि हातोडी. खिळा हलला, वर सरकला, टणकन फरशीवर पडून घरंगळत पहिल्या बाकाखाली गेला. मग वरचा. तोही गेला.

"डावीकडे धर," मी पाववाल्याला फुसफुसलो. "कुलपाचा नाद सोड. इकडून आत लोट."

त्याला लगेच कळलं. बिजागरीच्या कडेला खांदा लावून त्यानं अशी काही मुसंडी मारली की दार डावीकडून आत गेलं, उजवीकडून कुलपाचा दांडा चौकटीच्या भोकातून अलगद सुटला, आणि ते अख्खं दार, फळ्या, पितळ, कुलूप सगळ्यासकट, धाडकन आडवं झालं. धुरळा उडाला. आत सगळे खडूच्या रेघेमागे, एकमेकांना घट्ट धरून.

मी आजवर केलेलं एकही दार पडलेलं नाही. हे पडलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी पडद्यामागे एकटाच उड्या मारत होतो.

पाववाला दारावर उभा राहिला. त्याचा श्वास फुलला होता, झगा खांद्यावर फाटला होता. त्यानं पोस्टमनचं मनगट धरलं आणि म्हणाला, "चला, घरी." या वेळी ते पाव विकल्यासारखं मुळीच वाटलं नाही.

मग ती सगळी माणसं माझ्या दारावरून चालत बाहेर आली. लंगडणारे पणजोबा, हसू न आवरणारी ती बाई, शिंकणारा काका. बाकांवरची माणसं त्यांना ओळखून हसत होती, रडत होती, उठून उभी राहत होती. सगळ्यांच्या मागून माझी मुलगी आली. बाह्या कोपरापर्यंत चढवलेल्या, हात ओले, कामातून उठून आल्यासारखे. ती कुणाकडे न बघता मधल्या वाटेच्या टोकाशी आली, चर्चच्या दरवाजापासून चार पावलांवर थांबली, पायरीकडे बघितलं आणि दोन टाळ्या वाजवल्या.

"आलो!" सासरे म्हणाले.

ते विचार करून बोलले नाहीत. तोंडातून निघून गेलं, आणि पाय तोंडाच्या मागोमाग गेले. हात रिकामे होते. पिशवी पायरीवरच राहिली. उंबरा ओलांडून आत आल्यावर, मुलीसमोर उभं राहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण कुठे आहोत. ते तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तिचे ओले हात आपल्या हातांत घेतले आणि मोठ्यानं, अगदी सगळ्यांदेखत रडले. लहान मुलं रडतात तसे, नाक पुसत. चर्चमध्ये तेव्हा कुणाचंच नाक कोरडं नव्हतं, माझं तर नव्हतंच.

पण कुलूपवाला तो कुलूपवालाच. डोळे पुसून झाल्यावर ते सरळ पडलेल्या दाराशी गेले आणि गुडघ्यांवर बसले. कुलपाचा दांडा तसाच बाहेर होता, ताठ. त्यांनी खिशातून किल्ली काढून फिरवली. खटकन दांडा आत. पुन्हा फिरवली, खटकन बाहेर. फादर त्यांच्या शेजारी येऊन बसले.

"कुलूप कुणी उघडलंच नाही," सासरे म्हणाले. "बघा. अजून बंद आहे. कुलूप बंद आहे आणि दारच नाहीये."

"हो," फादर म्हणाले.

"मी जन्मभर किल्लीचा विचार करत बसलो. आईकडे किल्ली नव्हती, नव्हती, नव्हती. दुसरी बाजू मी बघितलीच नाही."

"दार महत्त्वाचं असतं, कुलूप नव्हे," मी पडद्यातून बाहेर येत म्हटलं. "हे मी माझ्या लग्नापासून सांगतोय."

"आज पहिल्यांदा तुमचं ऐकतो, जावईबापू," सासरे म्हणाले. "पण दांडा वाकलेला नाही, हेही बघून ठेवा. कुलपात काही खोट नाही." त्यांनी किल्ली फादरच्या हातात ठेवली. "उद्या सकाळी मी आलो तर पाणी असेल ना?"

फादरना आधी कळलंच नाही. मग कळलं की बाबा बाप्तिस्म्याचं म्हणतायत, आणि त्यांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. "असेल बाबा, असेल."

"कोमट ठेवा. या वयात गार पाणी डोक्यावर घेतलं तर मी दुपारच्या आतच तिकडे जाईन."

सगळं चर्च हसलं. फक्त माझी बायको हसली नाही. ती येऊन वडिलांच्या गळ्यात पडली आणि काही केल्या सोडेना. ते तिच्या पाठीवर थोपटत राहिले.

"पण बाबा, खात्री तर फादरनासुद्धा नाही," ती हुंदक्यातून म्हणाली. "तुम्ही उद्या नुसतं आमच्यासाठी म्हणून नका करू हं."

"तुमच्यासाठी कोण करतंय?" सासरे म्हणाले. "अगं, तुझी आई आणि माझी आई, दोघींनी एकमेकींना अजून बघितलेलंच नाही. माझं लग्न व्हायच्या कितीतरी आधी ती गेली. आता दोघी तिथे एकाच घरात, समोरासमोर बसलेल्या असतील, आणि कोण कुणाची हे दोघींनाही ठाऊक नसेल. मी गेलो नाही तर त्यांची ओळख कोण करून देणार?"